मतपेढी नव्हे, मतदार

मुखेडहून पोटासाठी मुंबईकडे गेलेला आमचा माणूस मुंब्र्यात बिऱ्हाड करतो. मत मात्र अनेकदा गावच्याच यादीत राहते. घर एकीकडे, मत दुसरीकडे. मग दोन्हीकडचे आमदार त्याला विचारतील कशाला?

1992-93 च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून आलेल्या कुटुंबांनी मुंब्रा वाढवले. 2009 पासून मुंब्रा-कळवा हा विधानसभेचा मतदारसंघ झाला. तेव्हापासून 2024 पर्यंतच्या चारही निवडणुका जितेंद्र आव्हाडांनी जिंकल्या. 2024 मध्ये त्यांच्यासमोर नजीब मुल्ला होते. एकाच राष्ट्रवादीची ही दोन शकले. समोर मुसलमान उमेदवार असतानाही लोकांनी आव्हाडांनाच निवडले. तरीही 'हे लोक धर्म पाहून मत देतात' हे पालुपद सुरूच!

पण आम्ही आमच्याही पदराखाली पाहू. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे मेली. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून पडून माणसे गेली. ढिगाऱ्याने कुणाची जात विचारली नाही. आम्ही मात्र प्रचारसभेत 'आमचे रक्षण कोण करणार?' एवढेच विचारतो आणि टाळ्या वाजवून घरी येतो.

रक्षण हा उपकार नव्हे, तो संविधानाने दिलेला हक्क आहे. तेव्हा राहतो तिथल्या यादीत नाव घालू या. मत मागायला येणाऱ्याला आधी घराचे कागद, पाणी आणि लोकलबद्दल विचारू या. भीतीवर मत देणारी कौम कायम भीतीतच ठेवली जाते.