जहाजाच्या पोटात, पोटभर जेवण

संध्याकाळची वेळ. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातून वाहणाऱ्या एल्ब नदीवर बोटींची लगबग चालू आहे. धक्क्याला एक जुने हिरवे जहाज बांधलेले आहे. तीन उंच डोलकाठ्या, कोळ्याच्या जाळ्यासारखे आभाळात गेलेले दोर आणि नाळेवर लाकडात घडवलेला एक लहान मुलगा. चार जणांचे एक कुटुंब जहाजावर चढते, जिना उतरून आत जाते आणि टेबलाशी बसून मेनूकार्ड उघडते. जिथे एकेकाळी तांदळाची पोती रचली जात, त्या जहाजाच्या पोटात आता जेवणाची पाने मांडली जातात!

या जहाजाचे नाव ‘रिकमर रिकमर्स’. एकच नाव दोनदा का, असे तुम्हाला वाटेल. रिकमर्स हे जहाजे बांधणारे घराणे आणि रिकमर हा त्या घरातला लाडका नातू. त्याचेच नाव जहाजाला दिले गेले. नाळेवरचा मुलगा तोच. १८९६ साली ब्रेमरहाफेन येथे बांधलेले हे पोलादी शिडाचे जहाज ९७ मीटर लांब आणि सुमारे १२ मीटर रुंद आहे. पहिल्याच सफरीत ते कोळसा घेऊन हाँगकाँगला गेले आणि येताना तांदूळ व बांबू घेऊन आले.

पुढे मात्र या जहाजाने सासुरवाशिणीसारखी नावे बदलली. १९१२ साली ते विकले गेले आणि ‘माक्स’ झाले. चिलीहून सोरा आणण्याचे काम त्याच्याकडे आले. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, ते अझोर्स बेटांवरच्या बंदरात होते. पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजे ताब्यात घेतली, त्यात हेही गेले. आता नाव ‘फ्लोरेस’ आणि काम इंग्रजांसाठी युद्धसामग्री वाहण्याचे. १९२४ साली ते पोर्तुगीज नौदलात दाखल झाले. ‘साग्रेस’ या नावाने नौदलाचे प्रशिक्षण जहाज म्हणून १९६२ पर्यंत त्याने किती तरी तरुणांना दोर कसा ओढावा, वारा कसा ओळखावा हे शिकवले. १९५८ साली शिडांच्या मोठ्या जहाजांची शर्यतही त्याने जिंकली. मग दुसरे जहाज आले, साग्रेस हे नाव त्याला मिळाले आणि म्हातारीला ‘सांतु आंद्रे’ म्हणून कोपऱ्यात उभे करण्यात आले. १९७५ साली तीही नोकरी संपली.

अशा जहाजाचे पुढे काय होते? बहुतेक वेळा भंगारवाल्याचा हातोडा. पण हॅम्बुर्गमधल्या जहाजप्रेमींनी एक संस्था काढली आणि पोर्तुगालशी बोलणी केली. एक लहान शिडाची नौका देऊन त्या बदल्यात हे जहाज मिळवले. ७ मे १९८३ रोजी, हॅम्बुर्ग बंदराच्या ७९४ व्या वाढदिवशी, गंजाने खाल्लेले हे जहाज ओढत आणण्यात आले. मग चार वर्षे स्वयंसेवकांनी गंज खरवडला, पत्रे बदलले, रंग दिला. १९८७ साली ते लोकांसाठी खुले झाले. वर संग्रहालय, आत उपाहारगृह!

जेवायला काय मिळते, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. हॅम्बुर्ग बंदराचा मानाचा पदार्थ म्हणजे ‘लाबस्काउस’. खारवलेले गोमांस, बटाटा, कांदा आणि बीट एकत्र घोटून केलेला गुलाबी लगदा. वर तळलेले अंडे, बाजूला काकडीचे लोणचे आणि मुरवलेला हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. दिसायला फारसे आकर्षक नाही. पण हे ताट म्हणजे शिडाच्या जहाजावरच्या स्वयंपाकघराची कहाणीच आहे.

त्या काळी जहाजावर शीतपेटी नव्हती. महिनोन् महिने समुद्रावर काढायचे तर पिंपात खारवलेले मांस आणि दगडासारखी कडक बिस्किटे हाच आधार. ताज्या भाजीफळांअभावी खलाशांना स्कर्व्ही होई, हिरड्या सुजत, दात हलत. असे चामट मांस चावायचे कसे? म्हणून ते घोटून मऊ करायचे. कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की घरोघरी खारवलेला बांगडा आणि सुके बोंबील बाहेर निघतात. गरजेने शिकवलेली चव पुढे आवडीची होते, ती अशी. खलाशाने नाइलाजाने खाल्लेला घास आज पर्यटक हौसेने मागवतो.

जेवताना मात्र एक गंमत असते. समुद्र इथून सुमारे १०० किलोमीटर दूर, तरीही एल्बचे पाणी भरती-ओहोटीत साडेतीन मीटरच्या आसपास वरखाली होते. जहाज त्याच्याबरोबर चढते, उतरते. सूप येते तेव्हा जहाज एका पातळीवर असते, कॉफी येईपर्यंत दुसऱ्या!

पण या जेवणाचे मोल ताटापुरते नाही. पाण्यातले लोखंड रोज थोडे थोडे झिजत असते. रंग, दोर, डागडुजी यांना पैसा लागतो आणि तो येतो प्रवेशाच्या तिकिटांतून, देणग्यांतून आणि या टेबलांवरून. आपल्याला याची किंमत चांगलीच ठाऊक आहे. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवलेली विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद झाले आणि २०१४ साली ती मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलीत गेला, नाव २०२२ साली नव्या युद्धनौकेने पुढे चालवले. अर्थात विक्रांत या जहाजाच्या दुपटीहून लांब होती, तिचा संसारही तेवढाच मोठा. हॅम्बुर्गचे जहाज लहान म्हणूनही तरले, हे खरे. तरीही एक गोष्ट उरतेच. म्हाताऱ्या जहाजाला नुसत्या अभिमानावर जगता येत नाही. त्याच्याकडे कुणीतरी पुन्हा पुन्हा जावे लागते.

तिकडे ते कुटुंब जेवण आटोपून वर येते. धाकटी मुलगी नाळेवरच्या लाकडी मुलाकडे बोट दाखवून विचारते, ‘हा कुठे चाललाय?’ कुठेच नाही. चार नावे आणि एक महायुद्ध मागे टाकून तो आता घरी आला आहे. आणि आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवत नाही.