गाडीचा जोर वाढला, ब्रेकचं काय?

फोक्सवॅगन पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली, तरी जुन्या पोलो जीटीवर तरुण पोरांचा जीव आहे. कारण एकच, टर्बो इंजिन.

तिचं १.० टीएसआय इंजिन मुळात ११० पीएस ताकदीचं. लॅपटॉप जोडून इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलला, की टर्बोचा दाब वाढतो आणि गाडी जोरात उचलते. यालाच रिमॅप म्हणतात. बिनटर्बोच्या स्विफ्टमध्ये मात्र यातून फारसं हाती लागत नाही, पैसे तेवढे जातात.

खरी गोम पुढे आहे. ताकद वाढते, पण ब्रेक आणि टायर तेच राहतात. वेग ८० ऐवजी १०० असला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागतं. रात्री समोर बिनदिव्याची उसाची ट्रॉली आली, की हेच अंतर जिवावर बेतते.

कायदाही कडक आहे. आरसीवरची मूळ माहिती जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्कश सायलेन्सरची कारवाई वेगळी. विमा कंपनीला न कळवता बदल केला, तर अपघातानंतर आपल्याच गाडीची भरपाई अडकू शकते.

हौसेला मोल नसतं, हे खरं. पण पहिला खर्च चांगल्या टायरवर आणि ब्रेकवर व्हावा. रिमॅपचा विचार त्यानंतर.