बाबांचं लॉन

शुक्रवार, दुपारचे साडेतीन. अप्रेझलची मीटिंग. बॉस माझ्या 'एरियाज ऑफ इम्प्रूव्हमेंट'वर रंगात आलेला आणि टेबलावर माझा मोबाइल थरथरतोय. बाबा. कट केला. परत बाबा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो : हिरव्या गवतात जेवणाच्या ताटाएवढे तपकिरी डाग. एक नाही, सहा. खाली ओळ, 'साखरपुड्याला वीस दिवस राहिले. काय ते बघ.'

घरात एखादी इंजिनीअर असली की मिक्सरपासून मूळव्याधीपर्यंत सगळं तिनेच 'बघायचं' असतं.

आमचं घर वरसेला, म्हणजे रोह्याला लागूनच. तुम्ही वीकेंडला कोलाडला राफ्टिंग करून फोटो टाकता ना, तीच कुंडलिका पुढे रोह्याकडे येते. धाटावच्या एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्ट करून बाबा रिटायर झाले आणि आलेल्या पैशांतून त्यांनी काय करावं? अंगणात लॉन लावलं! नर्सरीतून स्क्वेअर फुटाच्या भावाने कार्पेट आणलं. आजोबा असते तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. कारण नर्सरीवाला स्टाइलमध्ये ज्याला 'बर्म्युडा' म्हणतो, ती आपली हरळी. सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. आजोबांचा जन्म शेतातली हरळी खणण्यात गेला आणि मुलगा तीच पैसे मोजून घरी आणतो, वर रोज पाणी घालतो.

थट्टा पुरे. दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण रस्त्यावर फिरायला गेलं की भेटणारा प्रत्येक जण ऑपरेशनचं विचारतो, म्हणून ते बाहेर जाईनात. तेव्हापासून सकाळी अनवाणी लॉनवर चाळीस फेऱ्या. मोजून. धाकटीचा साखरपुडा हॉलमध्ये नको, अक्षय तृतीयेला इथेच लॉनवर करायचा, हा हट्टही त्यांचाच. त्यामुळे शनिवारी दिव्याहून रोहा गाडी पकडली.

घरी पोचले तर ओट्यावर तणनाशकाची बाटली, शेजाऱ्यांचा पाठीवरचा पंप आणि आंब्याच्या बागांत फवारणी करणारा सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा. हाफ पँट, पायात स्लिपर, तोंडाला रुमाल. झालं त्याचं पीपीई किट.

''दुकानदार म्हणाला, सगळं तण साफ होतं,'' बाबा म्हणाले.

बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ग्लायफोसेट. 'सगळं साफ' हे अगदी खरं होतं, कारण ग्लायफोसेट लव्हाळा आणि लॉन असा भेदभाव करत नाही. डाग गेले असते, सोबत उरलेलं गवतही गेलं असतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने ग्लायफोसेटवर निर्बंध घातलेत. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांखेरीज ते कुणी वापरायचं नाही. तरी काउंटरवरून बाटली बिनबोभाट आली. फवारायची जागा आमच्या विहिरीपासून पंधरा पावलांवर.

''तीस वर्षं केमिकलमध्ये काढली मी. मला शिकवू नकोस.''

''बाबा, २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना माणसं दगावली, ती पण रोजच फवारायची.''

भांडण चांगलंच पेटलं. आई मधे पडली नाही, कांदा चिरत राहिली. मग बाबांची नजर त्या पोराच्या पायांकडे गेली. गमबूट न घालता आलेल्या माणसाला प्लांटमधून परत पाठवणारे म्हणून बाबा फेमस होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पोराला चहा दिला, अर्ध्या दिवसाची मजुरी दिली आणि पंप शेजाऱ्यांकडे पोचवायला सांगितला.

आता डागांचं काय? नेटवर आधी हुमणीचा संशय आला. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी, ती मुळं खाते. टेस्ट सोपी आहे : डागातलं गवत मुठीत धरून ओढायचं. सतरंजीसारखं उचललं गेलं तर मुळं गेली समजा. आमचं घट्ट होतं. दुसरी टेस्ट, बादलीभर पाण्यात दोन चमचे लिक्विड सोप घालून ते डागाच्या कडेला ओतायचं. लष्करी अळी असेल तर दहा मिनिटांत वर येते. वर आल्या फक्त दोन मुंग्या, त्याही वैतागलेल्या. वाळवीची माती कुठे दिसली नाही.

उत्तर मिळालं रविवारी सकाळी सहाला. दवात डागांच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसत होते. उन्हं वर आली आणि ते गायब. बुरशी! खात्री करायला सोमवारी सुट्टी टाकली (अप्रेझल गेलं खड्ड्यात) आणि गवताचा ढेकूळ डब्यात घालून किल्ल्याला गेले. घाबरू नका, ट्रेक नाही. किल्ला हे रोह्याजवळचं गाव. तिथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या सरांनी पात्यावरचे ठिपके पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, ''पाणी कधी घालता?''

रात्री साडेनऊला. सिरियल संपली की. म्हणजे गवत रात्रभर ओलं, त्यात उकाडा, आणि साखरपुड्याला हिरवंगार दिसावं म्हणून बाबांनी वरून मूठ-मूठ युरिया टाकलेला. बुरशीला याहून चांगलं पॅकेज कुठली कंपनी देणार?

औषध काहीच लागलं नाही. पाणी पहाटे, तेही एक दिवसाआड पण भरपूर. युरिया बंद. मशीनचं पातं धार लावून घेतलं, कारण बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम बाबांनी गेटवर चिकटवायचा बाकी ठेवलाय. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून डागांवर पसरलं. वरची पाती करपली होती, जमिनीलगतचे धुमारे जिवंत होते. त्यामुळे हरळी आपली आपण भरत गेली.

राहता राहिला लव्हाळा. तुकोबांनी ज्याचं कौतुक केलं, त्या नावाचं गवत. अंगणात आलं की कौतुक संपतं. वरून उपटला की जमिनीतल्या गाठी हसतात आणि आठवड्यात परत हजर. बेणणीला येणाऱ्या मावशींनी खुरप्याने गाठीसकट काढून दाखवला. एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी, दोऱ्यात ओवल्यासारखी. ''ताई, ह्यो नागरमोथा. फेकू नका, उटण्यात घालतात,'' म्हणाल्या. मी दोन तास बसले आणि जेमतेम सतरंजीएवढा तुकडा साफ झाला. दुसऱ्या दिवशी पाठीने राजीनामा दिला. मावशींनी बाकीचं लॉन चार दिवसांत संपवलं.

तुमच्या सोसायटीतही लॉन असेल, तर माळीकाका 'थिमेट टाकू' म्हणाले की सरळ नाही म्हणा. थिमेट म्हणजे फोरेट. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे आणि लॉनवर पोरं लोळतात. हुमणीचे भुंगेरे वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून गोळा केले तर पुढचं निम्मं काम वाचतं.

अक्षय तृतीयेपर्यंत चार डाग भरले. दोन भरले नाहीत, तिथे आइस्क्रीमचं टेबल लागलं. मंडपवाल्याला बाबांनी एकही खांब गवतात रोवू दिला नाही, बिचाऱ्याने चारही कोपऱ्यांत वाळूची पिंपं ठेवली. होणाऱ्या व्याह्यांना लॉनवर बूट काढायला लावले, तेव्हा धाकटीने माझ्याकडे असं बघितलं की बस.

परवा पुन्हा फोटो आला. जिन्याजवळ लव्हाळ्याची तीन पाती. खाली ओळ, 'मावशींना निरोप दिलाय. तू येऊ नकोस, तुला जमत नाही.'