रिसिव्हर बदलणार नाही!

आमच्या बँकेत 'रिसिव्हर' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक टेलिफोनचा. गिऱ्हाइकाचा आवाज चढला की तो कानापासून वीतभर लांब धरायचा असतो. दुसरा कोर्टाने नेमलेला. कुणाचा धंदा बुडाला की हा गृहस्थ येऊन उरल्यासुरल्या मालमत्तेचा ताबा घेतो. तिसरा अर्थ मला घरी शिकावा लागला. हा रिसिव्हर टीव्हीखालच्या कपाटात बसतो, पाच स्पीकर आणि एक सबवूफर ह्यांना आवाज वाटून देतो, आणि मालक बेसावध राहिला तर दुसऱ्या अर्थाच्या रिसिव्हरला घरी बोलावतो.

माझा रिसिव्हर २०११ च्या दिवाळीचा. फेस्टिव्हल ॲडव्हान्स काढून घेतला, दहा हप्त्यांत फेडला. तेव्हापासून तो बिनतक्रार चालू आहे. आमच्या घरात इतकी वर्षे बिनतक्रार चाललेली दुसरी वस्तू म्हणजे मी. (सौ.ला हे विधान मान्य नाही.) आणि अशा ह्या निरुपद्रवी यंत्राविरुद्ध गेले तीन महिने घरात अविश्वासाचा ठराव आला आहे.

ठराव मांडणारे चिरंजीव, अनुमोदन देणारा मेहुणा. मेहुण्याला यंत्रांतले सगळे कळते. म्हणजे कुठले यंत्र जुने झाले हे कळते. नवे काय करते हे विचारले की तो आकडे सांगतो.

"भावजी, तुमचा ५.१ आहे. आता ५.१.२ पाहिजे."

मला वाटले, हा आमच्या शाखेतल्या पत्राचा जावक क्रमांक सांगतोय. तसे नव्हते. शेवटचे दोन म्हणजे डोक्यावर, छताला लावायचे दोन स्पीकर. ह्या प्रकाराला डॉल्बी ॲटमॉस म्हणतात. २०१२ साली तो प्रथम सिनेमागृहांत आला आणि पुढे घरांत उतरला. पडद्यावर हेलिकॉप्टर आले की आवाज डोक्यावरून जातो म्हणे. अहो, मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. चौथ्या मजल्यावर दोन जुळी मुले आहेत. माझ्या छतातून रात्री अकरापर्यंत कुठला ना कुठला आवाज येतच असतो, आणि तोही फुकट!

आता मी कॉमर्सचा पदवीधर आहे, शास्त्राचा नाही. पण आकडा समोर आला की तो तपासल्याशिवाय पास करायचा नाही, ही वीस वर्षांची सवय. म्हणून मी मेहुण्याचे एकेक व्हाउचर तपासायला घेतले.

पहिले व्हाउचर वॉटचे. "तुमचा ८० वॉटचा, नवा १०० वॉटचा." वाचल्यावर कळले ते असे : शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते. ८० चे १०० केले तर वाढतो जेमतेम एक डेसिबल, म्हणजे शेजारी बसलेल्याने सुस्कारा आवरला तरी तेवढा फरक पडेल. शिवाय दहा बाय चौदाच्या खोलीत आपण रोज ऐकतो तो आवाज साधारण एखाद्या वॉटमध्ये भागतो. उरलेले ७९ वॉट माझ्या खात्यात नुसते पडून आहेत, आणि हा मला वीस वॉट आणखी उसने घ्यायला सांगतोय. व्याज कोण भरणार?

दुसरे व्हाउचर कानांचे. नव्या यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिले होते, एक लाख हर्ट्झपर्यंत! माणसाचा कान चांगला धडधाकट असला तर वीस हजारांपर्यंत पोचतो, आणि वयाबरोबर वरचा भाग आधी गळतो. माझे वय चाळिशी ओलांडलेले. त्या लाखातला वरचा मोठा हिस्सा ऐकायला मला एक वटवाघूळ पाळावे लागेल.

तिसरे व्हाउचर मात्र अस्सल निघाले. ते तारांचे. "बाबा, आपला टीव्ही ४के आहे आणि रिसिव्हरची भोकं जुनी आहेत," असे चिरंजीव म्हणाले, आणि ते खरे होते. एचडीएमआय नावाच्या तारेच्या आवृत्त्या निघत असतात. १.४ आली २००९ साली, २.० आली २०१३ साली, २.१ आली २०१७ साली. २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, २.१ मधून ४८. नव्या टीव्हीचे चित्र माझ्या जुन्या रिसिव्हरच्या पोटातून जात नाही, हे मला मान्य.

पण मी विचारतो, ते त्याच्या पोटातून न्यायचेच कशाला? चित्राचे काम टीव्हीशी. चिरंजीवांचा खेळांचा डबा आणि बाकीचे डबे सरळ टीव्हीला जोडावेत आणि आवाज तेवढा एका तारेने टीव्हीतून उलटा रिसिव्हरकडे आणावा. त्यासाठी एआरसी नावाची सोय त्या २००९ च्या १.४ मध्येच निघाली आणि माझ्या यंत्रात ती आहे. इतकी वर्षे कोणी तिला हाक मारली नव्हती, एवढेच. तार बदलायची असेल तर तार बदला! गटार तुंबले म्हणून कोणी सोसायटी पाडत नाही.

इथे माझा मूळ मुद्दा येतो. रिसिव्हरची कामे दोन. एक आवाज मोठा करून स्पीकरला देणे, दुसरे कुठली तार कुठे जोडायची ते बघणे. पहिल्या कामात गेल्या पंधरा वर्षांत फारसे काही बदललेले नाही. बदलली ती भोके आणि त्यांवरचे आकडे. दुकानदार भोके विकतो आणि पावतीवर 'आवाज' लिहितो! हे आमच्या बँकेत कोणी केले असते तर ऑडिटरने त्याला उभा जाळला असता.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : ९० दिवसांहून अधिक हप्ता थकला की ते कर्ज अनुत्पादक. मी तोच नियम रिसिव्हरच्या सोयींना लावला. 'स्टेडियम', 'चर्च', 'जाझ क्लब' अशी बटणे आहेत. 'स्टेडियम' एकदाच दाबले होते. आईचे भजन चालू होते आणि टाळकरी प्यॅव्हेलियनमध्ये बसल्यासारखे ऐकू आले. सगळी खाती थकलेली! जुनी थकबाकी अशी डोंगराएवढी असताना नवे कर्ज मंजूर करणाऱ्या मॅनेजरला काय म्हणतात, ते तुम्ही पेपरात वाचतच असता.

आता मी हट्टी आहे, पण आंधळा नाही. यंत्र तापून आपोआप बंद पडत असेल, एखादा स्पीकर मुका झाला असेल आणि दुरुस्ती खरेदीच्या जवळ जात असेल, तर बदलावे. कोणाला खरोखर सात स्पीकर लावायला जागा असेल आणि छतावर जुळी नसतील, त्यानेही खुशाल बदलावे. पण 'जुना झाला' हे कारण नव्हे. ह्या न्यायाने आमच्या घरात पहिला नंबर माझा लागेल.

एवढे ऐकून घेतल्यावर मेहुण्याने हुकमाचे पान काढले. "भावजी, निदान आईंसाठी तरी घ्या. त्यांना संवाद कळत नाहीत."

इथे मी गप्प झालो. कारण ते खरे होते. आई रोज टीव्हीपुढे बसायची आणि दर पाच मिनिटांनी विचारायची, "काय रे पुटपुटतोय हा?" मग मी आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की सबवूफर हादरायचा आणि खालचे काका वर यायचे. गेल्या काही महिन्यांत मात्र ती विचारायची थांबली होती. आम्ही समजलो, कळत असेल.

त्या रविवारी मी यंत्राचे पुस्तक पहिल्यांदा उघडले. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात, असे त्यात होते. मधला स्पीकर शोधला. तो शोकेसमध्ये, सौ.ला भिशीत मिळालेल्या काचेच्या हंसामागे, २०१४ च्या रंगकामापासून भिंतीकडे तोंड करून उभा होता! त्याला बाहेर काढून सरळ केले. खोली मोजण्याचा मायक्रोफोन पुठ्ठ्याच्या खोक्यात, वॉरंटी कार्डाशेजारी प्लॅस्टिकमध्ये तसाच होता. तो लावला, दहा मिनिटे सगळ्यांना गप्प बसवले (हीच मोठी सुधारणा), आणि मधल्या स्पीकरला चार डेसिबल जादा मंजूर केले. खर्च शून्य.

संवाद स्वच्छ झाले. सगळ्यांना कळू लागले. आईला मात्र निम्मेच.

म्हणजे उरलेला दोष यंत्रात नव्हता. डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कान तपासून आलेख काढला. तो आमच्या शाखेच्या ठेवींसारखा उजवीकडे घसरत गेलेला. "केव्हापासून आहे?" त्यांनी विचारले. कोणालाच सांगता येईना. आम्ही तीन महिने रिसिव्हरला बहिरा ठरवण्यात गुंतलो होतो.

नव्या रिसिव्हरसाठी बाजूला काढलेली रक्कम कानाच्या यंत्रांत गेली, वर थोडी घालावी लागली. मेहुण्याने विचारले, त्यात ब्ल्यूटूथ आहे का? आहे म्हणे. त्याला बरे वाटले.

पहिल्या रात्री यंत्रे लावून आई टीव्हीपुढे बसली. मी सवयीने आवाज साठावर नेला. ती दचकून म्हणाली, "अरे, हळू कर जरा! केवढ्यांदा लावता रे तुम्ही! माणसांना कमी ऐकू येतं की काय?"

आता आवाज अडतिसावर असतो. खालचे काका येत नाहीत. आई मात्र सौ.चे स्वयंपाकघरातले बोलणेही ऐकते, त्याचे हप्ते मी भरतो आहे.