सावित्रीचा धावफलक

वर्तमानपत्र हाती आले की पहिले पान बाजूला सारून थेट क्रीडेचे पान उघडणारे वाचक घरोघरी आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पहिल्या पानावर आरोप आणि प्रत्यारोप असतात. क्रीडेच्या पानावर निदान निकाल लागलेला असतो. कोणी किती धावा केल्या, कोणी किती वजन उचलले, हे तेथे आकड्यांत लिहिलेले असते. नोंद ठेवण्याची ही शिस्त खेळाने आपल्याला लावली. मैदानाबाहेर मात्र ती फारशी आली नाही.

२०२१ च्या जुलै महिन्यातील तीनच दिवस आठवावेत. २३ जुलैला टोकियोत ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. २४ जुलैला मीराबाई चानूने ४९ किलो वजनगटात ८७ आणि ११५ असे एकूण २०२ किलो वजन उचलून देशाला रौप्यपदक मिळवून दिले. त्याच सुमारास, २२ जुलैला, महाडची बाजारपेठ पाण्यात बुडाली होती. तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही डोंगर खाली आला. मीराबाईचे २०२ किलो आजही अनेकांना तोंडपाठ आहेत, आणि त्यात अभिमानच आहे. परंतु त्या २२ जुलैचा आकडा कोणता, असे विचारले तर महाड-पोलादपुरातही किती जण उत्तर देतील?

तो आकडा आहे ५९४. २३ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिलिमीटर म्हटले की डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून हिशेब करून पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्या एका गुंठ्यावर, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरांवर, ५९४ मिलिमीटर पाऊस पडला तर साठ हजार लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे सहा टँकर एका गुंठ्यावर रिकामे करावेत, तसे हे झाले. आता महाबळेश्वरच्या पश्चिम उतारावर किती गुंठे असतील, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

महाडच्या पुराचा विचार करताना महाबळेश्वरचा पाऊस का पाहायचा? कारण सावित्री तेथेच उगम पावते. कड्यावरून पोलादपूरच्या खोऱ्यात उतरते, महाडपाशी गांधारीला भेटते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. उगमाकडे उंची तेराशे मीटरांहून अधिक, आणि महाडपर्यंत तर समुद्राच्या भरतीचा परिणाम पोहोचतो. महाडात ऊन पडलेले असतानाही घाटमाथ्यावरचे पाणी गावाकडे निघालेले असू शकते.

दुसरा आकडा पंचांगात सापडतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे समुद्राला उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांग. किनाऱ्यावरची जुनी मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वरून पुराचे पाणी यावे आणि खालून भरतीने वाट अडवावी, ही महाडची जुनी व्यथा आहे. २२ जुलै २०२१ ला आषाढी पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यानचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला ती २ ऑगस्ट २०१६ ची रात्र अमावास्येची होती. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी रिओचे ऑलिंपिक सुरू झाले आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळले.

याचा अर्थ तिथीने पूल पाडला असा काढणे भाबडेपणाचे ठरेल. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाले होते. भिजलेला डोंगर तिथी पाहून सरकत नाही. पंचांग, पर्जन्यमापक आणि नदीची पातळी या तिन्हींचे आकडे एकत्र वाचले तरच काही उमगते.

कोल्हापुरात आणि सांगलीत हे वाचन लोकांच्या अंगवळणी पडले आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापूरचा रिक्षावालाही सांगतो. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी विचारतात, ती सामन्याचा धावफलक विचारावा तशी. महाडला सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर आहे. ती किती घरांतल्या मुलांना ठाऊक आहे? कृष्णा-पंचगंगेचा पूर पुष्कळदा दिवसादिवसाने चढतो. सावित्री काही तासांत चढते. ज्यांच्या हाती वेळ कमी, त्यांनी आकडे अधिक पाठ ठेवायला हवेत.

भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सूचना उपयोगी आहेतच. परंतु लाल रंगाचा इशारा बहुधा साऱ्या जिल्ह्याला मिळून असतो, आणि रायगड जिल्हा उरणपासून पोलादपूरपर्यंत पसरला आहे. आपल्या आळीत पाणी प्रथम कोणत्या नाल्यातून शिरते, हे मुंबईहून कोणी कळवणार नाही. ते आपल्यालाच लिहून ठेवावे लागेल.

त्यासाठी शासकीय योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. सरळ बाजूंची काचेची बरणी आणि एक मोजपट्टी एवढ्यात शाळेचा पर्जन्यमापक तयार होतो. विद्यार्थी रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद करतील. बाजारपेठेतील दुकानदारांनी २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर तैलरंगाने आखावी आणि शेजारी तारीख घालावी. डोंगराखालच्या वाड्यांत जमिनीला पडलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेले झाड यांची नोंद वहीत करून ती तातडीने तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात पोहोचवावी. २०२३ च्या जुलैत याच जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर रात्रीच्या अंधारात दरड आली. वही दरड थांबवत नाही. पण वाडी वेळेत रिकामी करण्याचा आग्रह धरायला हाती पुरावा देते.

याच महाड तालुक्यात, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी, चिंतामणराव देशमुखांचा १८९६ मध्ये जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. देशाचा हिशेब ठेवणारा माणूस ज्या मातीने दिला, तिला स्वतःच्या पाण्याचा हिशेब अवघड नसावा. पावसाळ्यापूर्वी घराची कौले शाकारावीत, तशीच ही वहीही दरवर्षी मृगाआधी उघडावी. घरातल्या लहानाने ती मोठ्याने वाचावी, आणि आजी-आजोबांनी त्यात राहिलेले सांगावे.