चाळिशी लावून पुन्हा वर्गात

वयाचे चाळिसावे वर्ष आणि त्या सुमारास नाकावर येऊन बसणारा चष्मा, या दोहोंना मराठीने ‘चाळिशी’ हे एकच नाव दिले आहे. या वयात पुस्तक हाती घ्यावयाचे तर आधी चष्मा शोधावा लागतो. असे असूनही आपल्या समाजातील काही बंधुभगिनी नोकरी बदलण्याच्या उद्देशाने पदव्युत्तर शिक्षणाची चौकशी करू लागल्या आहेत, हे ऐकून आम्हांस समाधान वाटते. काही वडीलधारी मंडळी मात्र याला वरातीमागून घोडे म्हणतात. त्यांच्याशी आमचा नम्र मतभेद आहे.

मुंबई विद्यापीठाची पदवी ट्रंकेत घालून आपल्यापैकी अनेकजण या देशात आले. येथे त्या पदवीचे मोल पुरते झाले नाही. मग टपालखाते, रेल्वे, एखादी कचेरी, जेथे जागा मिळाली तेथे माणूस चिकटला. घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा यांत वर्षे निघून गेली. आज वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला वाटते की आता काय उरले? हिशेब केला तर उत्तर निराळे येते. राज्य निवृत्तिवेतनाचे वय २०२६ ते २०२८ या काळात ६६ वरून ६७ वर नेण्याचे कायद्याने ठरले आहे. म्हणजे अजून वीस वर्षे काम करावयाचे आहे. वीस वर्षे नावडत्या खुर्चीत काढणे हा लहानसहान खर्च नव्हे.

प्रौढ विद्यार्थ्याची लाज बाळगू नये, अशी सोय या देशाने फार पूर्वीपासून केली आहे. लंडनचे बर्कबेक कॉलेज १८२३ साली कष्टकरी कारागिरांसाठी निघाले, आणि दिवसा काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळी वर्ग भरविण्याची त्याची परंपरा आहे. आपल्या समाजाचे कवी निसिम इझिकेल १९४८ मध्ये लंडनला आले, ते याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले. अर्थात ते तेव्हा ऐन पंचविशीत होते. १९६९ साली सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये अभ्यासाला लागले. पूर्वीच्या परीक्षांचे गुण न विचारता त्याने दार उघडले. पहाटे किंवा मध्यरात्री बीबीसीवर लागणारी त्याची व्याख्याने पुष्कळांना आठवत असतील. ती २००६ अखेर बंद झाली, विद्यापीठ मात्र चालू आहे.

आता पैशाविषयी, कारण गाडी तेथेच अडते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी सरकारने २०१६ पासून मास्टर्स पदवीकरिता कर्ज देण्यास आरंभ केला. तेव्हा त्याची मर्यादा दहा हजार पौंड होती, पुढे ती वाढत गेली. अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षारंभी वय साठाच्या आत असले म्हणजे झाले. परतफेड उत्पन्नावर अवलंबून आहे: वार्षिक एकवीस हजार पौंडांवर जी रक्कम असेल तिच्या सहा टक्के. एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. ज्याच्याजवळ आधीच मास्टर्स पदवी आहे त्याला हे कर्ज मिळत नाही, आणि ती पदवी परदेशची असली तरी सूट नाही. म्हणजे येथील मालकाने जिला कवडीमोल ठरविले ती मुंबईची एम. ए., कर्ज नाकारण्यापुरती मात्र पूर्ण किमतीची ठरते!

अभ्यासक्रम निवडताना आमचा कल स्पष्ट आहे. ज्याच्या शेवटी व्यवसायाचा परवाना आहे असाच अभ्यास प्रौढाने प्रथम पाहावा. समाजकार्याची मान्यताप्राप्त मास्टर्स पदवी पदरात पडली की ‘सोशल वर्क इंग्लंड’च्या नोंदवहीत नाव घालता येते, शिक्षकी अभ्यासक्रमाच्या शेवटी शिक्षकाचा दर्जा मिळतो. (त्याची कर्जव्यवस्था निराळी आहे.) शिक्षक होऊ पाहणाऱ्यास इंग्रजी व गणित या विषयांत जी. सी. एस. ई. किंवा तत्सम योग्यता दाखवावी लागते. तेव्हा पन्नाशीच्या पदवीधर पित्यावर मुलीच्या गणिताच्या वहीत डोके घालण्याची पाळी येऊ शकते. मुलगी बहुधा बरी शिकवील. केवळ हौसेसाठी इतिहास वा वाङ्मय शिकण्यास आमची हरकत नाही. मात्र त्यावर नव्या नोकरीची आशा टांगू नये.

तथापि खरा खर्च पौंडांत मोजता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. स्थिर नोकरी होती, संसार होता. ती नोकरी सोडून, शिल्लक टाकलेला पगार व शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला आले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरी त्यांचे वास्तव्य होते ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. आपण मुलांना तेथे अभिमानाने नेतो. पण ती वर्षे परळच्या चाळीत रमाबाईंनी कशा ओढाताणीत काढली, हे मुलांना सांगतो का? बाबासाहेब ते विसरले नाहीत. १९४० साली निघालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी पाच वर्षांपूर्वी निवर्तलेल्या रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला.

आपल्या घरांतही पुष्कळदा पत्नीने रुग्णालयाच्या रात्रपाळ्या केल्या आणि पतीने परीक्षा दिल्या. तिची बी. ए., बी. एड. मात्र ट्रंकेतच राहिली. आता मुले मोठी झाली असता माहितीपत्रक मागवावयाचे ते कोणाच्या नावाने, हा प्रश्न जेवणाच्या मेजावर मोकळेपणाने निघावा असे आम्हांस वाटते. संध्याकाळचा स्वयंपाक कोण करील, आजीला डॉक्टरकडे कोण नेईल, हेही त्याच वेळी ठरवावे. अर्ज भरल्यानंतर ठरविण्याच्या या गोष्टी नव्हेत.

राहता राहिला पंचांगाचा प्रश्न. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवला म्हणून कोकणाने आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांच्या वंशजांनी शनिवारच्या वर्गाला संकोचाने मान डोलवू नये. डिसेंबरात लंडनला चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो, तेव्हा शुक्रवारचा संध्याकाळचा वर्गही शब्बाथात येतो. शिवाय येथील शैक्षणिक वर्ष सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात सुरू होते, म्हणजे बहुधा नव्याचा सण आणि दारफाळणीचा सण यांच्या ऐन गर्दीत. प्रवेश निश्चित होताच या तारखा विभागाला लेखी कळवाव्यात आणि उत्तर जपून ठेवावे.