पाच मिनिटांत पुस्तक, पण भेट कशी व्हायची?

शिकागो विद्यापीठाचं मॅन्सुएटो ग्रंथालय २०११ साली उघडलं. त्या शहरातल्या आपल्या मंडळींनी ते निदान बाहेरून तरी पाहिलं असेल. काचेचा लांबट घुमट, जेमतेम ३५ फूट उंच. हेल्मुट यान या वास्तुरचनाकाराचं हे काम. आत वाचनाची टेबलं, वर आभाळ, पुस्तकं मात्र पायाखाली, सुमारे ५० फूट खोल तळघरात. ३५ लाख खंड मावतील एवढी जागा. पुस्तकं विषयवार नाहीत, आकारानुसार पेट्यांत भरलेली. संगणकावर मागणी नोंदवली की यंत्र ती पेटी वर आणतं. साधारण पाच मिनिटांत पुस्तक हातात!

जागा संपली की पुष्कळ विद्यापीठं जुनी पुस्तकं दूरच्या गोदामात पाठवतात. शिकागोनं ती आवारातच ठेवली, याचं कौतुक केलंच पाहिजे.

तरी माझ्या मनात एक शंका राहते. आमच्या वेळी बऱ्याच कॉलेजांत कपाटांना कुलूप असे. कार्डांच्या खणात नंबर शोधायचा, चिठ्ठी लिहायची, मग शिपाई पुस्तक आणून देणार. हे यंत्र म्हणजे तोच शिपाई, फक्त फार चपळ. पण चिठ्ठीवर लिहायला पुस्तकाचं नाव आधी ठाऊक हवं ना? जे पुस्तक जगात आहे हेच माहीत नाही, ते मागणार कसं?

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांत वाचकाच्या वेळाची जशी काळजी आहे, तशी प्रत्येक पुस्तकाला वाचक मिळावा याचीही आहे. म्हणूनच कपाटं वाचकांना खुली असावीत, असा त्यांचा आग्रह होता. घुमटाखाली वेळाची काळजी उत्तम घेतली आहे. पुस्तकाची कोण घेणार?

हा प्रश्न आपल्या भाषेचाही आहे. ज्या पीएल-४८० योजनेतला गहू आपण लहानपणी खाल्ला, त्याच गव्हाच्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकी विद्यापीठांत जाऊ लागली. शिकागोही त्यांत होतं. मोल्सवर्थचा कोश आपण इंटरनेटवर उघडतो, तोही याच विद्यापीठामुळे. पण तिथं मराठी पुस्तक रोज कोण मागणार? एखादा विद्यार्थी दुसरंच काही शोधत मांडणीजवळून जातो, थबकतो, पान उघडतो, तेव्हाच त्याचं नशीब उघडतं.

घुमटाला लागूनच १९७० चं रेगेनस्टाइन ग्रंथालय आहे. दिसायला बोजड, पण तिथं कपाटांमधून मनसोक्त हिंडता येतं. ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, यातच मला खरं शहाणपण दिसतं. आपल्याकडे उद्या कुणी असं ग्रंथालय बांधलं, तर घुमट जरूर उचलावा, पण हिंडायची कपाटं आधी नि यंत्रं नंतर. आणि "फारसं कुणी मागत नाही" एवढ्या कारणावरून पुस्तक तळघरात ढकलू नये. ज्याला मागणी आहे, ते तळघरातूनही वर येईल. उजेडाची खरी गरज न मागितलेल्या पुस्तकाला असते.